एक दिवस उशिरा

फणसेकाकांचा नियम होता:
पक्ष्याची बातमी दुधासारखी,
उतू जायच्या आत सांगावी.
नंतर पुसत बसा ओटा.

म्हणून आम्ही सांगत असू.
रायसिंग वसावा कालव्याच्या फाटकावरून,
इक्बाल कारेलीबागेतल्या सायकलींच्या दुकानातून,
हाताला ग्रीस, तरी फोन कानाशी:
"टिंबीवर थापट्या उतरलेत, साठेक,
सूर्य पाठीशी ठेवून या."
नैषध पंड्या तर कोर्टातून, साहेब उठले की
जिन्यात उभा राहून कुजबुजायचा,
जणू फरार माणसाचा पत्ता.
आणि मी, रक्ताच्या नळ्या तशाच फिरत ठेवून,
अर्ध्या दिवसाची रजा टाकून
डभोईच्या रस्त्याला स्कूटर.
कधी पोचेपर्यंत पाणी रिकामं.
तेही सांगायचं.
"गेले. येऊ नका."
या तीन शब्दांनी किती पेट्रोल वाचलंय बडोद्यात.

काकांना दिसेनासं झालं
तेव्हापासून पहिला फोन त्यांनाच.
दांडिया बाजारातली खोली, उशाशी रेडिओ.
ते विचारायचे, वारा कुठला?
पाय दिसले का? मान आखडलेली की सैल?
आणि आपण पाहिलेलं आपल्यालाच
नीट दिसायला लागायचं, त्यांना सांगताना.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी
वढवाण्याच्या पलीकडे, नांगरून ठेवलेल्या शेतात
मला करकोचे दिसले.
तेवीस.
गळ्यावरचा काळा रंग छातीपर्यंत ओघळलेला,
डोळ्यामागे पांढरी पिसं, घाईत खोचल्यासारखी.
इतके दमलेले
की मी बांधावर बसले तेव्हा
एकानेच मान वर केली.
रायसिंग त्यांना कुंज म्हणतो.
त्या दिवशी तो फाटकावर नव्हता.

फोन हातात होता.
खोटं कशाला, रेंजही होती.
पण वाटलं, आज नको.
आज इक्बालची दुर्बीण नको, पंड्याचा कॅमेरा नको,
"किती? नक्की किती?" नको.
अठरा वर्षं सांगत आलेय,
एक दिवस ठेवून घेते
पर्सच्या चोरकप्प्यात.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सगळ्यांना फोन केले.
चौघे जण आम्ही बांधावर.
ढेकळांवर पांढरे शिंतोडे, वाळलेले.
एक राखी पीस.
इक्बालने ते वहीत ठेवलं आणि
थर्मास काढून चहा ओतला. मला आधी.
कुणी काही म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

काकांना सांगितलं. ते म्हणाले,
"पाहिलेस कधी? काल की आज?"
"काल."
"मग बरोबर.
परवा रात्री तीनला माझ्या छतावरून गेले.
सून आटीव दुधाचं पातेलं घासत होती,
मी म्हटलं, करकोचे.
ती म्हणाली, बाबा, रिक्षा असेल कुणाची तरी, झोपा.
काल दिवसभर वाट पाहिली गं फोनची.
संध्याकाळपर्यंत
मलाही वाटायला लागलं, रिक्षाच."

त्यानंतर मी काही ठेवून घेतलेलं नाही.
गच्चीवर पहिला परीट शेपूट हलवत आला,
सांगितला.
चुकून घारीला ससाणा म्हटलं,
तेही सांगितलं, आणि पाच मिनिटांनी
चूकही सांगितली.

आज पावणेसातला वढवाण्याच्या पाळीवर
धुकं असं की माझीच चप्पल मला दिसेना.
काकांना फोन लावला, स्पीकरवर,
आणि न बोलता हात वर धरून उभी राहिले.
पलीकडे चहात चमचा फिरत होता.
थांबला.

"पट्टकदंब," ते म्हणाले. "लांब आहेत. किती?"
"मला काही दिसत नाहीये, काका."
"मग मी मोजतो.
तू मध्ये बोलू नकोस."